भोईवाड्यातील दोन पाहुणे

मुंबईत भोईवाडे दोन आहेत. एक भुलेश्वरचा. तांबाकाटा, गुलालवाडी, माधवबाग या परिसरात ज्यांच्या पेढ्या आहेत त्यांना तो निराळा सांगावा लागत नाही. दुसरा परळचा. भोई म्हणजे पालखी किंवा मेणा खांद्यावर वाहणारा. पालख्या केव्हाच गेल्या. नाव मात्र परळमध्ये पोलीस ठाण्याच्या पाटीवर आणि न्यायालयाच्या शिक्क्यावर टिकून आहे. व्यापारी कुटुंबांची पावले परळच्या या भोईवाड्याकडे वळतात ती बहुधा आजारपणात. केईएम, वाडिया आणि टाटा ही मोठी रुग्णालये येथे एकमेकांच्या शेजारी उभी आहेत. तपासण्यांच्या कागदांची पिशवी छातीशी धरून पदपथावर बसलेली माणसे दिसू लागली, की भोईवाडा जवळ आला असे समजावे.

गेल्या चातुर्मासात भुलेश्वरच्या भोईवाड्यातील एक वृद्ध व्यापारी उपचारांसाठी परळच्या भोईवाड्यात येऊन राहिले. वय ब्याऐंशी. आजार कोणता ते घरातील सर्वांना ठाऊक होते; फक्त त्यांना सांगितलेले नव्हते. 'पोटात गाठ आहे, औषधाने विरघळेल' एवढेच त्यांच्या कानावर घातले होते. त्यांना भेटण्यासाठी परदेशातून दोन नातू आले. एक मुलाचा मुलगा, न्यू जर्सीत वाढलेला. दुसरा मुलीचा मुलगा, इंग्लंडमधील लेस्टरमध्ये वाढलेला. दोघेही तिशीच्या आतबाहेर, दोघेही रोज नवकार म्हणणारे, दोघांनाही कांदा-लसूण वर्ज्य. तरीही चार दिवसांच्या आत घरच्या मंडळींनी दोघांवर शिक्के मारले. अमेरिकेचा उद्धट आणि विलायतेचा कोरडा.

कारणेही तशीच घडली. न्यू जर्सीच्या नातवाने पहिल्याच दिवशी आजोबांच्या देखत डॉक्टरांना विचारले, "किती महिने?" त्याच्या काकांनी त्याला दंडाला धरून खोलीबाहेर नेले. शिवाय हा मुलगा परिचारिका, लिफ्टमन, शेजारच्या खाटेवरील रुग्ण अशा कोणाशीही जन्माची ओळख असल्यासारखा बोलत असे. लेस्टरचा नातू याच्या अगदी उलट. त्याला काही विचारले की "थोडी काळजी वाटते" किंवा "तसे ठीक आहे" एवढेच उत्तर मिळे. मामी एकदा म्हणाल्या, "सख्खा आजोबा आहे, पण याच्या डोळ्यांत पाणी म्हणून नाही."

इंग्रज आणि अमेरिकन यांच्याविषयीची ही चित्रे जगभर चालतात. इंग्रज म्हणजे अबोल, शिष्टाचारी, रांगेत उभा राहणारा आणि हवामानाखेरीज कशावरही न बोलणारा. अमेरिकन म्हणजे मोकळा, मोठ्या आवाजाचा, पहिल्या भेटीत नावाने हाक मारणारा आणि डॉलरमध्ये विचार करणारा. परळचा परिसर या दोन्ही चित्रांची पडताळणी करण्यास मोठा सोयीचा आहे.

हाफकिन संस्थेची वास्तू पाहावी. पोर्तुगीज काळातील ख्रिस्ती मठ इंग्रजांनी अठराव्या शतकात ताब्यात घेतला आणि पुढे तेथे मुंबईच्या गव्हर्नरचे निवासस्थान झाले. मठाच्या प्रार्थनागृहात मेजवान्या झडू लागल्या. १८७५ मध्ये युवराज एडवर्ड येथेच उतरले होते. त्याच एडवर्ड बादशहाचे नाव पुढे समोरच्या केईएम रुग्णालयाला मिळाले. पुढे गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी याच घरात पटकीने वारल्या, तेव्हा गव्हर्नरांचा मुक्काम मलबार पॉइंटला हलला. १८९९ पासून येथे हाफकिन यांची प्लेगप्रतिबंधक लसीची प्रयोगशाळा सुरू झाली. इंग्रजी राज्याचा थाट, मानपान आणि पायरी सांभाळण्याची रीत यांचे हे घर.

येथून थोड्याच अंतरावर टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. सर दोराबजींच्या मनातील संकल्पातून हे रुग्णालय उभे राहिले. उभारणीच्या वेळी डॉ. जॉन स्पाइस या अमेरिकन तज्ज्ञाचा सल्ला घेण्यात आला आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उद्घाटन केले ते सर रॉजर लम्ली या इंग्रज गव्हर्नरांनी. पैसा पारशी, सल्ला अमेरिकन, समारंभ इंग्रजी. ज्याचे त्याचे काम वाटून दिल्यासारखे हे दिसते आणि रूढ चित्र खरे वाटू लागते.

पण याच परिसरातील गिरण्यांचा इतिहास त्या चित्रामागचे कारण सांगतो. सूत कातण्याचे 'म्यूल' हे यंत्र इंग्लंडचे, 'रिंग' हे अमेरिकेचे. रिंग यंत्रावर वेग अधिक आणि ते कमी अनुभवी हातांनाही चालवता येई. तरीही लँकेशायर विसाव्या शतकापर्यंत म्यूलला चिकटून राहिले. जमशेटजी टाटांनी नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये रिंग यंत्रे लवकर आणली आणि मागोमाग मुंबईच्या गिरण्यांनीही ती स्वीकारली. यावरून इंग्रज जुनाट आणि अमेरिकन धाडसी असा निष्कर्ष सहज निघतो. परंतु हिशेब नीट मांडला तर वेगळे दिसते. लँकेशायरमध्ये म्यूल चालवणारे कुशल कारागीर पिढ्यानपिढ्यांचे होते आणि भांडवल त्या यंत्रांत आधीच गुंतलेले होते. अमेरिकेत कुशल मजूर दुर्मीळ आणि महाग होता. दोघांनीही आपापल्या वहीत जे परवडले तेच केले. ज्याला आपण स्वभाव म्हणतो, त्यातील बराच भाग परिस्थितीचा असतो.

अमेरिकन सरकारलाही हे उमगले होते. १९४२ मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या सैनिकांसाठी त्यांच्या युद्ध खात्याने एक पुस्तिका छापली. इंग्रजांचे अबोलपण म्हणजे तुसडेपणा समजू नका, असे तिच्यात बजावले होते आणि कारणही दिले होते. छोट्याशा बेटावर साडेचार कोटी माणसे दाटीने राहतात, म्हणून प्रत्येक जण आपला एकांत जपतो. चाळीत राहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. शेजारच्या खोलीतले सगळे ऐकू येते, म्हणूनच काही गोष्टी ऐकू आल्या नाहीत असे दाखवावे लागते.

जैन समाजाला तर या दोन देशांची तुलना करणारा साक्षीदार घरचाच लाभला आहे. वीरचंद राघवजी गांधी १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेला गेले. समुद्रप्रवास साध्वाचारात बसत नसल्याने आचार्य विजयानंदसूरींनी या एकोणतीस वर्षांच्या श्रावकाला पाठवले होते. परिषदेत पेंटेकॉस्ट नावाच्या पाद्र्याने हिंदू मंदिरांतील स्त्रियांवर गलिच्छ आरोप केला. स्वतः जैन असूनही वीरचंदभाईंनी पुढे त्याच व्यासपीठावरून त्याला शांतपणे उत्तर दिले आणि अमेरिकन श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तो पाद्री लंडनचा म्हणून ओळखला जात होता. प्रत्यक्षात तो जन्माने अमेरिकन होता आणि त्या काळात लंडनच्या एका चर्चमध्ये नोकरीस होता. पाटी एका देशाची, माल दुसऱ्या देशाचा.

वीरचंदभाई पुढे इंग्लंडमध्येही राहिले, बॅरिस्टर झाले आणि तेथेही त्यांनी व्याख्याने दिली. तेथे शिकागोसारखा गाजावाजा झाला नाही. परंतु हर्बर्ट वॉरन नावाचा एक इंग्रज त्यांची व्याख्याने मन लावून ऐकत आणि टिपणे काढत राहिला. वीरचंदभाई १९०१ मध्ये मुंबईत अवघ्या छत्तिसाव्या वर्षी वारले. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९१२ मध्ये, वॉरन यांनी त्याच टिपणांच्या आधारे जैन धर्मावर पुस्तक प्रसिद्ध केले. तोपर्यंत ते स्वतः जैन आचार पाळू लागले होते. अमेरिकेने टाळ्या दिल्या, इंग्लंडच्या एका अबोल माणसाने वही जपली. धर्माला दोहोंचा उपयोग झाला. यांतले अधिक प्रेम कोणाचे, हे ठरवण्याचा तराजू कोणाजवळ आहे?

पंडिता रमाबाईंनीही दोन्ही देश पाहिले होते. इंग्लंडमध्ये चर्चच्या वरिष्ठांशी त्यांचे खटके उडाले. अमेरिकेत १८८६ पासून त्यांना मोकळे वातावरण मिळाले आणि बॉस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाच्या मदतीने १८८९ मध्ये त्यांनी चौपाटीजवळ शारदा सदन सुरू केले. त्याच वर्षी अमेरिकेवरील त्यांचे मराठी पुस्तक निघाले. त्यात कौतुक भरपूर आहे. पण कृष्णवर्णीयांना आणि मूळ रहिवाशांना अमेरिकनांनी कसे वागवले, हे लिहायलाही त्या विसरल्या नाहीत. उपकार झाले म्हणून त्यांनी उधारीची बाजू कोरी सोडली नाही.

आपली अडचण अशी की आपण या दोघांना मोजतो तो गज आपला नसतो. न्यायालय, बँक, शाळा, कचेरी यांची शिस्त आपल्याला इंग्रजांकडून मिळाली. म्हणून मर्यादेने बोलणारा इंग्रज आपल्याला सभ्य वाटतो आणि अमेरिकन आगाऊ. आजची तरुण पिढी अमेरिकन चित्रपट पाहत आणि अमेरिकन कंपन्यांत काम करत वाढली. तिला इंग्रज कोरडा वाटतो. माणसे तीच, फक्त गज बदलला.

परळच्या रुग्णालयात याचा एक लहानसा, पण महागात पडू शकणारा प्रत्यय आला. तपासणीसाठी पहिल्या मजल्यावर यावे, असे सांगितले होते. न्यू जर्सीचा नातू आजोबांना चाकाच्या खुर्चीत घेऊन तळमजल्यावर अर्धा तास बसून राहिला, कारण अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात. पुढच्या तपासणीच्या कागदावर ९/८ असे लिहिले होते. त्याने मोबाइलमध्ये सप्टेंबरची आठ तारीख नोंदवली. लेस्टरच्या नातवाने तो कागद रात्री आपल्या वहीत उतरवला, तेव्हा ती नऊ ऑगस्ट असल्याचे त्याच्या ध्यानात आले. ती वही तोपर्यंत कोणी पाहिली नव्हती. तिच्यात आल्या दिवसापासूनची प्रत्येक गोळी, तिची वेळ, ताप आणि आजोबांनी किती घास खाल्ले याची नोंद होती. ज्याच्या डोळ्यांत पाणी नव्हते, तो रोज रात्री जागत होता.

"किती महिने?" हा प्रश्न आजोबांनी ऐकला होता. त्यांनी त्या रात्री लेस्टरच्या नातवाला विचारले, "मला काय झाले आहे?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्यांचा हात हातात घेऊन म्हणाला, "आजोबा, चांगले नाही." ज्याची भाषा 'थोडी काळजी' या शब्दांपुढे कधी जात नसे, त्याच्या तोंडून हे तीन शब्द निघाले आणि आजोबांना सर्व समजले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एकच इच्छा सांगितली. दुकानाच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी एकोणीस वर्षे बोलणे बंद होते. त्याची क्षमा मागायची होती. घरातील सर्व जण अवघडले. आधी कोणी फोन करावा, समोरून अपमान झाला तर काय, मध्यस्थ कोण, अशी चर्चा सुरू झाली. न्यू जर्सीच्या नातवाने नंबर मागितला, लावला आणि सांगितले, "छोटे आजोबा, मी तुमचा नातू बोलतोय. आजोबांना तुम्हाला भेटायचे आहे. वेळ थोडा आहे. मी न्यायला येऊ का?" तासाभरात धाकटे भाऊ भुलेश्वरच्या भोईवाड्यातून परळच्या भोईवाड्यात पोहोचले. दोन म्हातारे एकमेकांसमोर हात जोडून 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणाले, तेव्हा पर्युषणाला अजून काही दिवस बाकी होते.

भाषा समितीत आपल्याकडे बोलणे हित, मित आणि प्रिय असावे असे सांगितले आहे. एका नातवाला हित साधले होते, पण मित नाही. दुसऱ्याला मित साधले होते, पण हिताचे बोलायला उशीर होत होता. आणि घरच्या मंडळींनी प्रिय तेवढे बोलण्याच्या नादात एका माणसाचा शेवटचा व्यवहार मिटवायचा राहून जाण्याची वेळ आणली होती. अनेकांतवाद व्याख्यानात ऐकणे सोपे. न्यू जर्सी आणि लेस्टर एकाच खाटेच्या दोन बाजूंना बसतात, तेव्हा तो आचरणे कठीण.

आजोबांनी घरी जायचे ठरवले. भुलेश्वरच्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही. लाकडी जिना अरुंद, म्हणून त्यांना खुर्चीत बसवून वर न्यावे लागले. पुढे एक नातू, मागे दुसरा. पुढच्याने ओरडून विचारले, "तिसरा मजला ना?" मागचा हळू आवाजात म्हणाला, "दुसरा." खुर्चीतून आजोबा म्हणाले, "मजले नंतर मोजा. पायरीकडे लक्ष द्या." आणि दोघे एकेक पायरी पाहत त्यांना वर घेऊन गेले.