हेरवाडचा ठराव आमच्या ग्रुपवर

एका माणसाची पोस्ट ग्रामसभेत पोहोचते, तिचा ठराव होतो आणि महिना उलटायच्या आत राज्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींसाठी सरकारचं परिपत्रक निघतं! मला हे आत्ता कळतंय, आणि कळल्यापासून भेटेल त्याला सांगत सुटलेय.

करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे. कोरोनाच्या पहिल्या लाटेत त्यांचे एक सहकारी वारले. अंत्यविधीच्या वेळी त्यांच्या बायकोच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं, मंगळसूत्र काढलं. झिंजाड्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं आणि त्यावर पोस्ट लिहिली. प्रतिसाद कुणाचा आला? विधवा बायकांचा! त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मग झिंजाड्यांनी स्टॅम्पपेपरवर लिहून ठेवलं, माझ्यामागे माझ्या बायकोला यातलं काही करायला लावू नका.

हा विषय शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं उचलला. ४ मे २०२२ ला ग्रामसभेनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं पूर्ण व्हायला दोनच दिवस होते. ठराव मांडला बायकांनी, अनुमोदन दिलं बायकांनी. पाठोपाठ माणगावनं केला; १९२० साली शाहू महाराज आणि बाबासाहेब जिथं एका मंचावर आले ते माणगाव! आणि सरकारचं परिपत्रक निघालं तेव्हा ग्रामविकास मंत्री होते आमच्याच कागलचे हसन मुश्रीफ. बातमी फोनाफोनीतून गावोगाव गेली, ठरावाचे फोटो फिरले.

माझ्या मते खरी ताकद त्या फोटोत आहे. नुसत्या संतापाच्या पोस्टी रोज येतात आणि वाहून जातात. ठराव हातात आला की दुसऱ्या गावाला फक्त आपलं नाव घालायचं उरतं. आणि हात मात्र ग्रामसभेतच वर करावा लागतो, सासरा, दीर, भावकी बघत असताना. ते धाडस फोन देत नाही. पण दुसऱ्या गावात बायकांनी हात वर केलेत, एवढं दिसलं तरी केवढा धीर येतो!

मी तो ठराव मुरगूडच्या आमच्या बचतगटाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांनी यायचं, सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. बराच वेळ निळ्या खुणा तेवढ्या दिसत राहिल्या. मग एका मावशींचा आवाज आला, मागं भांड्यांचा खणखणाट: “मी आले तर चालंल न्हवं?” मी उत्तर टाइप करतेय तोवर पाचसहा जणींचं येऊन पडलं. एकीनं तर लिहिलं, “मावशी, पहिलं कुंकू तुमालाच लावायचं.”

मुरगूडला नगरपरिषद, त्यामुळं ग्रामसभा नाही. म्हणून आता निवेदन तयार करतोय. हेरवाडचा मजकूर समोर ठेवलाय, त्यात जोडवी काढण्याचाही उल्लेख आहे, तो तसाच ठेवणार. सह्यांसाठी गल्ल्या वाटून घेतल्यात. बाजारपेठेची बाजू माझ्याकडे आहे, आणि मावशी म्हणाल्यात, पहिली सही त्यांची.