घरचे बी दळायला टाकू नका

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरचा वायफाय स्पीकर एकाएकी मुका झाला. वीज होती, इंटरनेट होते. पण ज्या कंपनीचा तो होता, तिने आपला सर्व्हरच बंद केला होता. सकाळी आकाशवाणी ऐकल्याशिवाय आईला करमत नाही. ती म्हणाली, "पैसे मोजून घेतलास ना रे? मग त्याची जीभ दुसऱ्याच्या हातात कशी?" मला उत्तर सुचेना.

अभियांत्रिकी शिकणारी मुलगी सुटीत घरी आली. वॉरंटी केव्हाच संपलेली. तिने प्लग काढून स्पीकर खोलला. आत ईएसपी-32 नावाची चिप होती.

"बाबा, चिप धडधाकट आहे. तिच्यातला प्रोग्रॅम तेवढा बदलू." या प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात. स्क्वीझलाइट-ईएसपी-32 हे फर्मवेअर फुकट मिळते आणि ते कसे लिहिले आहे, हेही कोणालाही पाहता येते.

मी म्हणालो, "आधी जुन्याची प्रत काढून ठेव." नवा वाण आला म्हणून घरचे सगळे बी दळायला टाकू नका, हे मी तीस वर्षे गावोगाव सांगत आलो आहे. तिने प्रत काढली.

चिपला लॅपटॉपशी जोडताना 3.3 व्होल्टचीच जोडणी लागते. 5 व्होल्टने ती जळू शकते. शून्य क्रमांकाची पिन ग्राउंडला जोडून वीज दिली, की चिप नवा प्रोग्रॅम घ्यायला तयार होते. काम निम्म्यावर आले आणि वायर निसटली! माझ्या पोटात गोळा आला. मुलगी मात्र शांत होती. चिपमधला सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम कारखान्यातच कायमचा कोरलेला असतो. तो पुसला जात नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते.

दुसऱ्या खेपेस काम पुरे झाले, तरी आवाज नाही. चिपमधून आवाज तीन तारांनी पुढे जातो. त्यांतल्या दोन पिनांचे आकडे आम्ही उलटसुलट लिहिले होते. ते दुरुस्त केले आणि मोबाईलवरची आकाशवाणी ब्लूटूथने स्पीकरवर घुमली. मध्ये कोणाचा सर्व्हर नको की परवानगी नको.

आईने विचारले, "आता हा कुणाचा?"

"आपला," मी म्हणालो.

मंडळी, अशी वस्तू घेताना किमतीबरोबर आणखी एक गोष्ट जरूर विचारा : उद्या कंपनीने सेवा बंद केली, तर ही चालेल का?