बोटीचा उपयुक्त साठा

बॅटरी आपल्या आयुष्यात टप्प्याटप्प्याने मोठी होत आली. मंदावलेले टॉर्चचे सेल उन्हात ठेवायचं बालपण, किक मारमारून घाम काढणारी स्कूटर, भारनियमनाच्या वर्षांत घरात येऊन बसलेला इन्व्हर्टर. यातली कुठलीही बॅटरी संपली तर गैरसोय व्हायची, माणूस अडकायचा नाही. म्हणून लेबलावरचा एएचचा (अँपिअर-तासांचा) आकडा बघून बॅटरी घ्यायची आपल्याला सवय लागली. मुळशीच्या जलाशयात विजेच्या मोटरवर छोटी बोट चालवायची तर ही सवय मोडावी लागते. समोरून वारा सुटला आणि मध्येच मोटर थांबली, तर वल्ही मारण्यावाचून गत्यंतर नाही. बॅटरीत किती मावतं यापेक्षा तिच्यातून बिनघोर किती काढता येतं, हे इथे आधी पाहायला हवं.

धरणाच्या बाबतीत हा फरक आपल्याला पाठ आहे. उन्हाळ्यात पेपरात उपयुक्त साठ्याचा आकडा येतो. तळाचा मृत साठा कुणी धरत नाही. १२ व्होल्ट, १०० एएचच्या लेड-ॲसिड बॅटरीत कागदावर १,२०० वॉट-तास असतात. पण ती वारंवार निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे भरवशाचे ६००च. त्यातही १०० एएच हा आकडा बहुधा २० तासांच्या संथ वापराचा, म्हणजे ५ अँपिअरचा असतो. मोटरने ५० ओढले की तो आणखी आक्रसतो. तेवढ्याच एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्के उतरवली तरी कुरकुरत नाही, हजारेक वॉट-तास देते आणि वजनाला निम्म्याहून कमी भरते. गाडीची बॅटरी या कामाची नव्हे. तिची घडण स्टार्टरला क्षणभर जोर देण्यासाठी असते.

जोडणीचं गणितही मुळशीतच सापडतं. टाटांच्या या धरणात जमिनी बुडणार म्हणून १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला, सेनापती बापटांनी त्याचं नेतृत्व केलं. तरी धरण झालं आणि १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. पाणी सुमारे ५०० मीटर खाली कोकणात उतरतं, म्हणून थोड्या पाण्यात भरपूर वीज होते. उंचीच्या जागी व्होल्टेज ठेवा, पाण्याच्या जागी करंट. १ किलोवॉटची मोटर १२ व्होल्टवर सुमारे ८३ अँपिअर ओढते, ४८ वर २१. त्याच केबलमध्ये उष्णतेत जाणारी वीज सोळाव्या हिश्शावर येते. ४८ व्होल्टसाठी सिरीजमध्ये जोडायच्या चारही बॅटऱ्या एकाच बनावटीच्या नि एकाच वयाच्या हव्यात, नाहीतर कमजोर बॅटरी आधी रिकामी होते आणि बाकीच्या तिला उलटं रेटतात. लिथियमच्या असतील तर सिरीजची मुभा आहे का, हेही आधी विचारावं. फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभरात बसवावा; त्याच्या अलीकडची वायर घासून शॉर्ट झाली तर तिला आवरणारं काही नसतं. केबलच्या टोकाच्या लगमध्ये तांब्याचे दोनचार पदर शिरायचे राहिले, की तो सांधा आधी गरम होतो, मग काळा पडतो.

लिथियम परवडत नाही आणि लेड-ॲसिड कुठल्याही गॅरेजवाल्याला कळते, हा आक्षेप खरा आहे. वर्षातून मोजक्या फेऱ्या असतील तर लेड-ॲसिडच घ्यावी. फक्त ती अर्धीच मोजावी, आणि चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो म्हणून जागा हवेशीर ठेवावी. धरणाची उपमा पुरती लागू पडत नाही, हेही मान्य. मृत साठ्यापर्यंत उतरलेलं धरण पुढच्या पावसाळ्यात पहिल्यासारखं भरतं, बॅटरी तशी भरत नाही. पण त्याने हिशेब सैल होत नाही, उलट कडक होतो. मग मोठीच बॅटरी का घेऊ नये? वजन वाढलं की बोट खोल बसते आणि पाणी जास्त अडवतं. त्यापेक्षा वेग निम्मा करावा. साधारण आठव्या हिश्शाची शक्ती पुरते. म्हणून खर्च आधी जाड केबल आणि फ्यूजवर करावा, मग बॅटरीवर. आणि उपयुक्त साठ्याचे तीन वाटे करावेत: एक जायला, एक यायला, तिसरा वाऱ्याच्या नावाने राखून.