तुटक रेषा

गावनकाशावर गाडीवाट दुबार तुटक रेषेने दाखवतात आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने. हे मला मोजणी खात्यात लागल्यावर कळलं. ती रेषा पायांना मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती.

आमचं सुलतानपूर मेहकर-सिंदखेडराजा रस्त्यावर. लोणारचा फाटा इथूनच फुटतो. लोणार दहा-बारा किलोमीटर, मेहकर जवळपास तितकंच. एसटी तेव्हाही होती, पण नवरात्रात लोणारच्या कमळजादेवीच्या दर्शनाला निघालं की आजी स्टँडकडे वळायचीच नाही. "देवीले पायानं जावं लागते बाप्पा, मोटारीनं नाई," हे तिचं ठरलेलं. मग पहाटे तारे असतानाच आम्ही धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधाबांधाने, निघायचो. एका बाजूला डोक्याच्या वर गेलेली ज्वारी, दुसऱ्या बाजूला पऱ्हाटी, आणि मधून एका वेळी दोनच माणसं जेमतेम जातील एवढी वाट. दव इतकं, की लोणार येईपर्यंत माझी चड्डी आणि आजीच्या लुगड्याचा घोळ ओलाच असायचा.

लोणारला आधी धारेवर जायचं. गोमुखातून बारा महिने पडणारी ती धार, तिच्याखाली डोकं धरायचं, मग पायऱ्यांनी तळ्यात उतरायचं. उतरता उतरता हवा बदलते, झाडी दाट होते आणि तो खारट-कुबट वास नाकात शिरतो. काठाने फिरताना एकेक पडकं देऊळ लागतं: रामगया, मोर महादेव, वाघ महादेव, अंबरखाना. आजीच्या लेखी यातलं एकही 'प्राचीन' नव्हतं. इथे सावली चांगली पडते, इथे भाकर सोडायची, या खांबाला टेकायचं नाही, मुंग्या असतात. ही देवळं ज्यांच्या काळातली सांगतात, त्या यादवांचं नाव तिने कधी ऐकलं नसेल. पण त्या देवळांची जितकी खडान्‌खडा माहिती तिला होती, तितकी पुढे मला पुस्तकांतूनही मिळाली नाही. कमळजेजवळ सासू-सुनेची विहीर दाखवताना ती दरवेळी माझ्या आईकडे बघून हसायची. एका अंगाला गोडं पाणी, दुसऱ्या अंगाला खारं, अशी तिची ख्याती. खारं कोणतं, ते सांगायची गरज पडत नसे.

१८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हे तळं 'शोधलं', असं छापलेलं वाचतो तेव्हा मला गंमत वाटते. आईन-ए-अकबरीत लोणारचा उल्लेख आहे, दैत्यसूदनाचं कोरीव देऊळ त्याच्याही आधीचं आहे, आणि या सगळ्यांच्या आधी तिथे जाणारी वाट असली पाहिजे. दगड वाहून नेणारे बैल काही आकाशातून उतरले नव्हते.

पुढे भूकरमापक झालो. माझ्या सुरुवातीच्या काळात शंकू-साखळीची मोजणी होती. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा. पायवाटेची रुंदी आमच्या हिशेबात सव्वाआठ फूट, म्हणजे साखळीचे बरोबर चार आणे. गाडीवाट साडेसोळापासून एकवीस फुटांपर्यंत, म्हणजे आठ आण्यांपासून पुढे. शिपाई साखळी ओढून ओरडायचा, "साहेब, पावली हाय!" आणि मी टिपणात नोंद घ्यायचो. चार आण्यांची ती वाट मला फार आवडायची. वऱ्हाडात इंग्रजी अमलात १८६०नंतर पहिली मोजणी झाली, तेव्हा कोणीतरी माझ्यासारख्याच माणसाने उन्हात उभं राहून ती चालती वाट कागदावर उतरवली होती. त्याने काही ती तयार केली नव्हती. लोक जिथून जात होते तिथे त्याने टिंबं दिली, एवढंच.

नोकरीची काही वर्षं मेहकरला गेली आणि तिथे मला पैनगंगा सापडली. अजिंठ्याच्या डोंगरात बुलढाण्याकडे उगम पावून ती मेहकरला येते. पुढे विदर्भ आणि मराठवाडा यांच्यामधली शीव धरत वर्धेला जाऊन मिळते. एकेकाळी ही इंग्रजांकडच्या वऱ्हाडाची आणि निजामाच्या मुलखाची हद्द होती. हद्दीच्या नदीला आम्हा मोजणीवाल्यांच्या मनात वेगळा मान असतो. कचेरी सुटली की मी काठाने निघायचो. उन्हाळ्यात पात्रात डांगरवाड्या असायच्या, टरबुजाच्या वेलांना गाडग्याने पाणी घालणारी माणसं असायची. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने मला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "साहेब, हे काय मोजून राह्यले?" काही नाही, फिरतोय, म्हटल्यावर त्याला ते पटलं नाही. सरकारी माणूस बिनकामाचा नदीवर येईल, यावर त्याचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. धरणाची मोजणी चालू आहे, असंच तो इतरांना सांगायचा.

मेहकर हे पायी बघायचं गाव आहे. शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणातली भव्य मूर्ती १८८८ साली जमिनीतून निघाली. इंग्रज ती विलायतेला नेणार होते, म्हणून गावकऱ्यांनी घाईघाईने प्रतिष्ठापना उरकली, असं तिथे आजही रंगवून सांगतात. दगडी खांबांची जुनी धर्मशाळा आहे. वाटसरूंसाठी इतकी देखणी इमारत बांधावी असं कोणाला तरी वाटलं, कारण वाटसरू येत होते. आणि कंचनीचा महाल. वरच्या मजल्यावरून लोणारच्या कमळजेचा दिवा दिसावा अशी त्या कंचनीची हौस होती, आणि देवीच्या कोपाने ती शिळा झाली, अशी कथा आहे. कवी ना. घ. देशपांडे मेहकरात वकिली करत, त्यांनी या महालावर कविता लिहिली. मला त्या कथेतला दिवा महत्त्वाचा वाटतो. मेहकर आणि लोणार यांना जोडणारी नजर त्या कथेत आहे, आणि त्या नजरेच्या खालून जाणारी वाट आमच्या शिवारातून जाते.

सिंदखेडराजाला आणि साखरखेर्ड्यालाही मी असाच, कामाच्या निमित्ताने आणि काम संपल्यावर, हिंडलो. साखरखेर्ड्याच्या परिसरात १७२४ साली निजाम-उल्-मुल्काने मुबारिझखानाला हरवलं आणि तिथून हैदराबादच्या राज्याचा पाया घातला गेला. शेतात उभं राहून बघितलं तर यातलं काहीही दिसत नाही, तूर दिसते. सिंदखेडराजाचं तसं नाही. जिजाऊंचा जन्म झाला तो वाडा, लखुजीराव जाधवांची समाधी, मोती तलावाची ती भक्कम भिंत, पुतळा बारव: एकेक पाहायला सवड काढावी असं. १२ जानेवारीला तिथे लोटणारी गर्दी वाड्यावरून परत फिरते, बारवेपर्यंत फार थोडे जातात. २०२४च्या जूनमध्ये समाधीजवळच्या उत्खननात शेषशायी विष्णूची मूर्ती निघाली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला बातमी झाली. आमच्याकडे मात्र बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं की निघायचीच. इथे कुठेही खणा.

आता वाटा कशा मेल्या ते सांगतो, कारण ते मी अगदी जवळून पाहिलं आहे. वाट कोणी एका दिवसात खात नाही. दरवर्षी नांगराचा एक तास आत येतो. बैलांचा नांगर होता तेव्हा तासही लहान होता आणि बैलांनाही वळायला जागा लागायची, म्हणून धुरा शिल्लक राहायचा. ट्रॅक्टर आला, रोटाव्हेटर आला, आणि दोन हंगामांत वाटेची माती शेताच्या मातीसारखीच भुसभुशीत झाली. त्यात सोयाबीन पेरलं की विषय संपला. मोजणीला गेलो की दोन्ही बाजूंचे शेतकरी छातीवर हात ठेवून सांगायचे, इथे वाट नव्हतीच. मी नकाशा उघडायचो. टिंबं तिथेच असायची. त्यांना दोष तरी किती द्यायचा? दोन एकरांच्या धन्याला चार आण्यांची रुंदीही जड असते, आणि ज्या वाटेने कोणी जातच नाही तिच्यासाठी त्याने पीक का सोडावं? नदीकाठाला तर धनीच नाही. वर पेनटाकळीचं धरण झालं, पात्रातली वाळू गेली, काठावर वेडी बाभूळ माजली. जिथून मी रोज फिरायचो तिथे आता दिवसाही कोणी शिरत नाही.

मुलगी नोकरीसाठी फ्रान्सच्या पश्चिम भागात गेली, म्हणून निवृत्तीनंतर तिकडे जाणं झालं. लुआर नदी तिथे रुंद, संथ आणि वाळूची बेटं घेऊन वाहते. पहिल्यांदा बघताना मला पावसाळ्यानंतरची पैनगंगा आठवली. व्हिएन नदी तिला मिळते तिथे कांद नावाचं लहानसं गाव आहे. संत मार्टिन इ.स. ३९७मध्ये त्या ठिकाणी वारले. तिथून फोंतव्रोचा मठ पायी जाण्याइतका जवळ. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री, राणी एलेनॉर आणि मुलगा रिचर्ड यांच्या शिल्पसमाध्या तिथे आहेत, आणि याच मठाचा १८०४पासून १९६३पर्यंत तुरुंग केलेला होता. दगड पांढरा आणि मऊ, नखाने ओरखडा पडेल असा. आमच्या काळ्या बसाल्टाच्या सवयीच्या माणसाला असल्या दगडाचं आठशे-नऊशे वर्षं टिकणं खरं वाटत नाही. हे सगळं छान होतं. पण मला अडवलं ते काठावरच्या वाटेने. ती संपेचना. मागे शेतं, घरं, बागा, तरी वाट चालूच. जुन्या सवयीने मी पावलांनी रुंदी मोजू लागलो तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, लोक बघताहेत."

चौकशी केली तेव्हा कळलं की तो कायदाच आहे. सरकारी मालकीच्या नद्यांच्या काठाला लागून ३.२५ मीटर पट्टा काठच्या जमीनमालकाने मोकळा ठेवायचा. पूर्वी नावाड्यांसाठी आणि कोळ्यांसाठी होता, २००६च्या कायद्याने तो पायी चालणाऱ्यांनाही खुला झाला. ३.२५ मीटर म्हणजे दहा फूट आठ इंच. आमच्या पायवाटेहून जेमतेम अडीच फूट जास्त. लोक तिथे हौसेने चालतात आणि वाटेत मठ, किल्ला, पूल लागला की थांबतात. स्मारकाला जायचं म्हणून कोणी निघत नाही, चालताना ते लागतं. आजीचं तरी दुसरं काय चाललं होतं?

आपल्याकडे कायदा स्मारकाला जपतो. दैत्यसूदनासारख्या राष्ट्रीय संरक्षित वास्तूच्या भोवती १०० मीटर बांधकामाला बंदी, त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रण. चांगलंच आहे. पण ३०१व्या मीटरपासून देवळाचा मुलखाशी संबंध तुटतो. समृद्धी महामार्ग पुरा झाल्यापासून लोणारला गाड्या वाढल्या आहेत. माणसं येतात, कठड्यावरून तळ्याचा फोटो काढतात, जमलं तर धार बघतात आणि अंधाराआधी पुढे निघतात. २०२०मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा तर झुंबडच होती. त्याच वर्षी रामसर यादीत नाव गेलं. आता पाणी इतकं वाढलं आहे की ते कमळजेच्या दारापर्यंत पोचलं आणि काठाची वाट त्याच्याखाली गेली. त्याचा अभ्यास तज्ज्ञ करतीलच. माझं म्हणणं वरच्या, कोरड्या वाटांबद्दल आहे. मेहकर ते लोणार, लोणार ते सिंदखेडराजा या पट्ट्यात देऊळ, बारव, धर्मशाळा, तलाव सगळं आहे, आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा कागदावर अजून जिवंत आहेत. नवीन काही बांधायला नको. पेव्हर ब्लॉक तर मुळीच नको. चार आण्यांची जागा मोकळी करायची आणि चालायचं.

त्यासाठी आधी आपापल्या गावाचा नकाशा बघा. तालुक्याच्या भूमिअभिलेख कार्यालयात अर्ज करून फी भरली की नक्कल मिळते. हरभरा निघाला की रान मोकळं होतं, तेव्हा ती घेऊन पोलीस पाटील, सरपंच आणि गावातली दोन म्हातारी माणसं यांच्याबरोबर त्या रेषेवरून एकदा चालून या. वाट अडवलेली दिसली तर भांडत बसू नका. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो; मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत.