कुटाराचा धूर, चुलीचा धूर

वाशीमची हवा चांगलीच असणार, असं आम्ही धरून चालतो. केंद्र सरकारने २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्याच्या यादीत शेजारची अकोला आणि अमरावती ही शहरं आली; वाशीम आलं नाही. इथे ना मोठे कारखाने, ना धुराड्यांच्या रांगा. पण इथला धूर कारखान्याच्या भोंग्यावर निघतच नाही. तो पेरणी-सोंगणीच्या हिशेबाने निघतो, आणि त्याचं वर्ष दसऱ्याच्या सुमारास सुरू होतं.

सोयाबीनची सोंगणी आटोपते, वावरावावरात सुड्या लागतात आणि रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत जिल्हाभर मळणीचे हडंबे धडधडू लागतात. यंत्रातून उडणारं कुटार उन्हात सोन्यासारखं चमकतं. वर्षाचं पीक पदरात पडतानाचा तो क्षण मला आजही सुंदर वाटतो. मात्र यंत्राजवळ दिवसभर उभ्या असलेल्या बाईच्या तोंडावरचा रुमाल संध्याकाळी सोडला, की तो आतूनही मळलेला निघतो. त्या धुळीतले जाड कण नाकातोंडात अडतात, खोकल्याने बाहेर पडतात. अडीच मायक्रॉनहून बारीक असलेले मात्र फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, आणि त्यांतले अगदी सूक्ष्म थेट रक्तात.

मळणी झाली की वावरात कुटाराचा ढीग उरतो. जमिनीतली ओल उडून चाललेली असते, हरभऱ्याची पेरणी खोळंबलेली असते आणि मजूर हाताशी नसतो. मग ढिगाला काडी लागते. ज्याच्याकडे चार दिवसच आहेत, त्या माणसाला शहाणपण शिकवायला माझी जीभ रेटत नाही. पण जमिनीचं अन्न आणि जनावरांचा चारा डोळ्यांदेखत धूर होऊन जाताना पाहिलं, की जीव कळवळतो.

ऑक्टोबरच्या दुपारी हा धूर वर जातो, पांगतो. दिवाळीनंतर मात्र त्याला वर जाता येत नाही. थंडीत सूर्य मावळला की जमीन झपाट्याने निवते, तिला टेकलेली हवाही गार आणि जड होते, आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. उन्हाळ्याच्या दुपारी धुराला पसरायला दोन-तीन किलोमीटर उंचीचं आभाळ असतं. थंडीच्या रात्री तेच काही शे मीटरवर, कधी त्याहूनही खाली येतं. शेकोट्या, वीटभट्ट्या, रस्त्यावरची वाहनं, गावाबाहेर जळणारा कचरा, सगळ्यांचा धूर त्या ठेंगण्या आभाळाखाली कोंडतो. संध्याकाळी लिंबाच्या शेंड्याइतक्या उंचीवर निळसर थर तरंगताना दिसतो. त्याला आपण कौतुकाने धुकं म्हणतो, पण धुक्याने घसा चरचरत नाही. म्हाताऱ्याकोताऱ्यांचा दमा याच दिवसांत उठतो, आणि घरात सगळा दोष एकट्या थंडीला दिला जातो.

फाल्गुनात पऱ्हाट्या आणि तुराट्या निघतात. बोंडअळीच्या धास्तीने पऱ्हाटी वावरात ठेवायची नसते, म्हणून तीही बरेचदा पेटते. चैत्र-वैशाखात धुरे, म्हणजे वावरांचे बांध, पेटतात. धुऱ्यावरची ठिणगी वाऱ्याने कुठवर जाईल, याचा नेम नसतो. कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्यासारख्या कोरड्या गवताळ रानांना या दिवसांत आगीचा घोर असतो, म्हणून वनखातं जाळरेषा काढून ठेवतं. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेच्या वाटा माणसांनी फुलतात आणि धूळ उठते. पण ही धूळ जाडीभरडी असते. वारा तिला उचलतो, तसा खालीही टाकतो. उन्हाळा डोळ्यांना मळकट दिसतो, पण छातीला बरेचदा थंडीइतका जाचत नाही.

आणि मग मृग. अरबी समुद्रावरून येणारा वारा मोकळी हवा घेऊन येतो, सरी उरलीसुरली धूळ धुऊन काढतात. आषाढात दूरच्या टेकड्या हाताला लागतील अशा स्वच्छ दिसतात. वर्षातली सगळ्यात निर्मळ हवा हीच.

पण ती घराबाहेरची.

याच दिवसांत सरपण ओलं असतं. गोवऱ्या दमट, तुराट्या दमट, आणि पावसामुळे चूल अंगणातून घरात आलेली. फुंकणीने फुंकून फुंकून डोळ्यांचं पाणी खळत नाही, पण जाळ धरत नाही. अर्धवट जळणाऱ्या लाकडाचा धूर कौलांखाली घुटमळत राहतो. शेजारी पाळण्यात लेकरू असतं. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली, तिची शेगडी आज कितीतरी घरांत आहे. पण पेरणीत हात रिकामा झालेला असताना दुसरं सिलिंडर भरून आणायचं कशाने? घरात असलेलं सिलिंडर पाहुण्यांच्या चहापुरतं राखून ठेवलं जातं आणि भाकरी चुलीवरच होते.

आपल्या देशात अडीच मायक्रॉनखालच्या कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ती १५ सुचवली. ओल्या सरपणाची चूल बंद खोलीत हे दोन्ही आकडे कितीतरी पटींनी ओलांडते. आणि आपली मर्यादा बाहेरच्या हवेसाठी आहे, स्वयंपाकघरात ती लागूच होत नाही. म्हणून वाशीमच्या हवेबद्दल मला कुणी विचारलं, तर मी आधी सिलिंडरची गोष्ट काढतो. सवलत वर्षभर सारखी वाटण्यापेक्षा आषाढ-श्रावणात, हात रिकामा आणि सरपण ओलं असताना, एक जास्तीचं सिलिंडर भरून मिळालं पाहिजे, आणि ते चूल फुंकणाऱ्या बाईच्या दारापर्यंत पोचलं पाहिजे.