छकुली, सीमेवरही माणसंच असतात

आंजी (मोठी), जि. वर्धा

चि. छकुलीस,


काल तुझा फोन ठेवल्यापासून माझं कशातच लक्ष नाही. भरतीच्या फॉर्ममध्ये तू पहिली पसंती बीएसएफला दिलीस, त्याचं मला वाईट वाटलं नाही. पण का म्हणून विचारलं, तर तू म्हणालीस, "आत्या, तिथं समोर फक्त शत्रू असतो. इथल्यासारखी माणसं नसतात." हे तू रागात बोललीस, आणि तो राग कोणावरचा आहे तेही मला कळलं. तुझ्या आईशी इथले लोक कसे वागले ते मीही विसरलेले नाही. पण पोरी, माणसांवरचा राग घेऊन बंदूक हातात घेऊ नये. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, थेट आईवर गेलीस. म्हणून हे पत्र. शेवटपर्यंत वाच.

शत्रू नसतोच असं मी म्हणत नाही. 9 एप्रिल 1965 ला पाकिस्तानी सैन्यानं कच्छच्या रणात सरदार पोस्टवर हल्ला केला, तेव्हा तिथं राखीव पोलिसांचे मूठभर जवान होते आणि ते लढले. तोवर बहुतेक ठिकाणी ज्या-त्या राज्याचे सशस्त्र पोलीसच सीमा राखायचे. हे पुरणार नाही, हे त्या वर्षानं दाखवून दिलं आणि 1 डिसेंबर 1965 ला सीमा सुरक्षा दल, म्हणजे तुझं बीएसएफ, उभं राहिलं. मे 2025 मध्ये जम्मूच्या सीमेवर चौकी सांभाळणाऱ्या नेहा भंडारी तुझ्या डोक्यात बसल्या आहेत, हेही मला ठाऊक आहे. त्यांचा मला अभिमानच वाटतो. पण असे लढाईचे दिवस थोडे असतात. बाकीच्या दिवसांत काय असतं, ते कोणी व्हिडिओ करून टाकत नाही.

हे दल ज्यांनी बांधलं ते खुस्रो फरामुर्झ रुस्तमजी आपल्या विदर्भातल्या कामठीत जन्मले, हे तुमच्या भरती अकादमीत सांगतात का? "पहिले महासंचालक कोण" एवढंच पाठ करून घेत असतील. पुढे हाच माणूस राष्ट्रीय पोलीस आयोगाचा सदस्य म्हणून बिहारच्या तुरुंगांत गेला. खटला न चालता वर्षानुवर्षं कोंडलेली माणसं त्यानं पाहिली आणि 1979 साली वर्तमानपत्रात लिहून काढली. त्यावरून सर्वोच्च न्यायालयात हुसैनआरा खातून यांचा खटला उभा राहिला आणि हजारो कच्चे कैदी सुटले. उभी हयात पोलिसात गेली, तरी कोंडलेला माणूस त्यांना दिसला. बीएसएफचा धडा वाचायचा तर इथून वाच. परीक्षेत विचारणार नाहीत, तरी वाच.

आता तुझ्या कामाचं सांगते. मुलींना या दलात सीमेवर घ्यायला सुरुवात झाली ती 2008-09 च्या सुमारास, आणि त्याचं कारण तुला लागू पडणारं आहे. पंजाबात तारेचं कुंपण प्रत्यक्ष सीमेच्या अलीकडे, आपल्याच हद्दीत घातलेलं आहे. त्यामुळे कित्येक शेतकऱ्यांची जमीन तारेच्या पलीकडे राहिली. त्यांनी सकाळी गेटवर यायचं, ओळखपत्र दाखवायचं, झडती द्यायची आणि ठरल्या वेळेत परत यायचं. आडोसा होतो म्हणून उंच वाढणारं पीक तिथं घेऊ देत नाहीत. निंदण-खुरपणाला जाणाऱ्या बायांची झडती पुरुष जवानानं कशी घ्यायची? म्हणून मुली हव्या होत्या. म्हणजे छकुली, रोज सकाळी तुझ्यासमोर उभी राहणार ती डब्यात भाकर बांधून शेतात निघालेली बाई. आपल्याच देशाची, आपल्यासारख्याच घरातली.

माझा दादा, तुझा बाप, कापूस वेचणीच्या दिवसांत काय करायचा, आठवतं? शेजारच्या वावरात संध्याकाळी बायांच्या ओट्या झटकून पाहायचे, कोणी कापूस लपवून नेते का म्हणून. आपल्या वावरात वजनाचा काटा तुझ्या हातात असायचा. एकदा तूही एका बाईच्या ओटीला हात घातलास, तेव्हा दादानं तुला सगळ्यांसमोर बाजूला केलं. म्हणाला, "आधी तिला विचार. ती स्वतः झटकून दाखवील." तिनं दाखवली. ओटीत दोन बोंडं होती. दादा काही बोलला नाही, तीसुद्धा तिच्या वजनात धरली. गेटवर तुला हेच करायचं आहे. झडती घ्यावीच लागेल, डोळ्यांत तेल घालून घ्यावी लागेल, कारण पंजाबात आता ड्रोननं हेरॉइन येतं आणि ते उचलणारे हात अलीकडचेही असतात. पण झडती घेताना त्या बाईची मान खाली जाता कामा नये. हे कुठल्या मैदानावर शिकवत नाहीत. ते घरूनच न्यावं लागतं आणि तुझ्याकडे ते आहे. रागात हरवू नकोस.

तू म्हणशील, आत्या आता विनोबांवर येणार. येणारच. आपली धाम नदी पुढे पवनारला जाते, आणि त्या पवनारचा म्हातारा सप्टेंबर 1962 मध्ये पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आताच्या बांगलादेशात, पायी चालत गेला. रंगपूर, दिनाजपूरच्या खेड्यांत जमीन मागितली आणि तिथल्या लोकांनी दिली. त्याच जुन्या रंगपूर जिल्ह्यातल्या कुडीग्राम भागातली फेलानी, पंधरा वर्षांची पोर, 7 जानेवारी 2011 च्या पहाटे बापाबरोबर भारतातून तार ओलांडून घरी परतत होती. कपडे तारेत अडकले, ती ओरडली आणि बीएसएफची गोळी लागली. कितीतरी वेळ ती तारेवर तशीच लटकून होती. ज्या जवानावर खटला चालला तो दलाच्या न्यायालयात निर्दोष सुटला. निकालावर मी बोलत नाही. मला त्या पोरीचा बाप दिसतो, आणि धुक्यात बंदूक धरून उभा असलेला तो जवानही दिसतो. त्याच्या जागी तू असलीस तर काय करशील, याचं उत्तर तिथं जाऊन शोधता येत नाही. क्षणात हात उठतो. समोर फक्त शत्रू असतो असं मनाशी धरून गेलेल्याचा लवकर उठतो.

आणि तू? तुझं काय होईल, याच विचारानं मला झोप नाही. रात्र-रात्र पहारा, कच्छचं ऊन, बंगालचं धुकं, कधी सुंदरबनात पाण्यावर तरंगणारी चौकी. सुट्टी मागितली तेव्हा मिळेलच असं नाही. पगार 21,700 च्या श्रेणीपासून सुरू होतो, पण 2004 पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, हे तुझ्या मैत्रिणींनी सांगितलं का? मागच्या तपासणीत रक्त कमी निघालं होतं. 1600 मीटर साडेआठ मिनिटांत पळायचं आहे आणि तू म्हणे उपाशीपोटी मैदानावर जातेस! हे बरं नव्हे. जवसाची चटणी आणि शेंगदाण्याचे लाडू पाठवते आहे, ते खोलीतल्या पोरींना वाटून संपवू नकोस. पेपर आता मराठीतही देता येतो, म्हणून गणित सोपं होत नाही. 80 प्रश्न आणि एकच तास असतो. रोज घड्याळ लावून सोडव. हिंदी बोलायची सवय कर, जमलं तर थोडी पंजाबी आणि बांगलाही शिक. समोरच्याची भाषा येणाऱ्याला उगाच आवाज चढवावा लागत नाही.

मी तुला अडवत नाही. तुझ्यासारख्या पोरी त्या गेटवर असायला हव्यात असंच माझं मत आहे, आणि वहिनीलाही मी तेच सांगणार आहे. पण तुझा निर्णय मी तिच्या कानावर घालणार नाही, ते तुझं काम. येत्या रविवारी ये, तिच्याजवळ बस आणि स्वतःच्या तोंडानं सांग. ती रडेल, तरी उठून जाऊ नकोस. ज्यांच्यावर तुझा राग आहे त्यांच्या दारावरूनही एकदा सरळ मानेनं जाऊन ये. इथल्या माणसांना तोंड देता आलं, तरच तिथल्या माणसांसमोर उभी राहा.

तुझी,
आत्या