शेवटचे बाक

सन १९९९ मधील आगमनकाळाचा दुसरा रविवार. गुरुदीक्षा होऊन मला जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि उत्तर वसईतील एका मोठ्या धर्मग्रामात मी साहाय्यक धर्मगुरू होतो. सकाळी सातच्या मिस्साला चर्च भरले होते. योहान बाप्तिस्ताने पश्चात्तापासाठी दिलेल्या हाकेवर मी प्रवचन करीत होतो. एवढ्यात शेवटच्या बाकावरून एक तरुण उठून उभा राहिला. इस्त्रीचा पांढरा सदरा, नीट भांग पाडलेले केस. त्याने आवाज चढवला नाही की अपशब्द काढला नाही. अत्यंत अदबीने त्याने विचारले, “फादर, हे सगळं तुम्ही माझ्याविषयीच बोलताय ना? मग नाव का घेत नाही?”

दोघातिघांनी त्याला दंडाला धरून बाहेर नेले. मी क्षणभर थांबलो आणि तुटलेले वाक्य जिथून तुटले होते तिथूनच पुढे नेले. मिस्सानंतर अनेकांनी माझ्या स्थिरचित्ताचे कौतुक केले आणि मलाही ते बरे वाटले. बाहेर नेलेल्या त्या मुलाचे पुढे काय झाले, हे विचारायचे मात्र मला सुचले नाही.

त्याच आठवड्यात त्याची आई कार्यालयात आली. मुलगा चोवीस वर्षांचा. डिप्लोमा करून कारखान्यात नोकरीला लागलेला. सहा महिन्यांपासून रात्र रात्र झोपत नव्हता. पंख्याच्या घरघरीतून कोणी आपल्याला नावे ठेवते, शेजाऱ्यांनी भिंतीत यंत्र बसवून आपले विचार चोरायला सुरुवात केली आहे, असे म्हणत असे. नोकरी सुटली होती. घरच्यांनी चोरून भगताकडेही नेऊन आणले होते. हे सांगताना बाई खाली मान घालून पदर चाळवत होत्या. मी काय केले? त्याच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली, घरात आशीर्वादित पाणी शिंपडले आणि एका तपसाधनेला पाठवून दिले. भगताकडे नेल्याबद्दल बाईंना दोन शब्द सुनावलेही. आज वाटते, त्या भगतात आणि माझ्यात त्या दिवशी फारसे अंतर नव्हते. तो लिंबू देत होता, मी जपमाळ दिली. मुलाला झाले आहे काय, हे दोघांनीही विचारले नव्हते.

जानेवारीत मुलाच्या मामाने त्याला मुंबईतील एका मानसोपचारतज्ज्ञाकडे नेले. निदान झाले स्किझोफ्रेनिया. गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांत आवाज मंदावले, झोप येऊ लागली. परंतु हात थरथरू लागले, तोंडातून लाळ गळे, चाल लाकडासारखी ताठ झाली. एप्रिलमध्ये आई पुन्हा माझ्यापुढे उभी राहिली. “फादर, गोळ्यांनी तो बरा झाला की दगड झाला, तेच कळत नाही. आणि एक स्थळ आलंय. मुलगी शांत आहे. काय करू?”

मी म्हणालो, “मावशी, प्रार्थना सोडू नका. लग्न लावून द्या. जबाबदारी अंगावर पडली की माणूस ताळ्यावर येतो.” गोळ्या बंद करा, असे मी म्हटले नाही. चालू ठेवा, असेही म्हटले नाही. मुलीकडच्यांना सांगितले आहे का, हा प्रश्न तर माझ्या ओठांपर्यंतही आला नाही.

मे महिन्यात तीन रविवार मी त्यांच्या विवाहघोषणा वाचल्या. या विवाहाला काही अडचण असल्याचे कोणास ठाऊक असेल, तर त्याने ते धर्मगुरूंना कळवावे, असे आपण त्या वेळी सांगतो. आजार हा स्वतःहून विवाहाला धर्मशास्त्रीय अडथळा नव्हे, हे मी गुरुविद्यालयात शिकलो होतो. पण जे त्या मुलीला कळायला हवे होते ते ठाऊक असलेला एक माणूस त्या चर्चमध्ये होता, आणि तोच ध्वनिक्षेपकासमोर उभा राहून घोषणा वाचत होता.

लग्नाच्या पंधरा दिवस आधी घरच्यांनी गोळ्या बंद केल्या. सुनेच्या नजरेला पडू नयेत म्हणून. सप्टेंबरमध्ये आवाज परतले. जेवणात विष आहे असे म्हणून तो अन्नाला शिवेना. एका पहाटे तो निघून गेला आणि बाराव्या दिवशी वलसाडच्या स्थानकावर सापडला. मुलगी माहेरी गेली, ती परतली नाही. प्रकरण विवाहविषयक धर्मन्यायालयात गेले. मानसिक कारणांमुळे विवाहाच्या जबाबदाऱ्या पेलण्याची क्षमता नसणे आणि महत्त्वाची गोष्ट फसवून लपवणे, या दोन्हींचा विचार १९८३ च्या धर्मसंहितेत आहे. मला साक्षीसाठी बोलावले. सेवाकार्यात कळलेली गोष्ट म्हणून मौनाचा आडोसा घेता आला असता. पण हे पापनिवेदनात नव्हे, कार्यालयात सांगितले गेले होते आणि त्या मातेने स्वतःच मला बोलण्याची मोकळीक दिली. “विवाहापूर्वी तुम्हाला हे माहीत होते?” या प्रश्नाला मी “होय” म्हणालो. माझ्या गुरुजीवनातले सर्वांत जड उत्तर ते होते.

वलसाडहून परत आणल्यावर त्याला डॉक्टरांकडे घेऊन जायला मी सोबत गेलो. त्यानंतर दर महिन्याला जात राहिलो. बदली झाल्यावरही जमेल तसा. आजाराविषयी मी जे थोडेफार शिकलो, ते त्या दवाखान्याच्या अरुंद बाकावर.

पहिली गोष्ट नावाची. ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’ असा शब्द आपण सर्रास वापरतो आणि सिनेमावाल्यांच्या कृपेने एका देहात दोन माणसे असे चित्र डोळ्यांपुढे आणतो. तसे काही नसते. स्वित्झर्लंडचे डॉ. ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली ग्रीक शब्दांतून हे नाव घडवले. दुभंगणे आणि मन असे त्याचे दोन अवयव. पण त्यांना अभिप्रेत होते ते विचार, भावना आणि इच्छा यांना एकत्र बांधणारी वीण उसवणे. जपानने तर २००२ साली आपल्या भाषेतील जुने नावच बदलले, कारण त्या नावानेच रुग्ण खचत.

आवाज ऐकू येणे, कोणी पाठलाग करते अशी खात्री वाटणे, रेडिओ वा प्रवचनातून आपल्याविषयीच बोलले जाते असे वाटणे, ही लक्षणे लोकांना दिसतात. दुसरी लक्षणे दिसत नाहीत, किंवा दिसली तरी आपण त्यांना वेगळे नाव देतो. अंघोळ न करणे, तासन्‌तास भिंतीकडे पाहत बसणे, चेहऱ्यावरचे भाव पुसले जाणे, कशातच गोडी न उरणे. याला आपण आळस म्हणतो. “आयतं खायला मिळतं म्हणून बसून राहतो,” हे वाक्य मी कितीतरी घरांत ऐकले आहे. तो आळस नसून आजाराचाच भाग आहे आणि गोळ्यांनी आवाज जितके आटोक्यात येतात तितका तो येत नाही, हे कळायला मला दोन वर्षे लागली. आपण आजारी आहोत हेच अनेक रुग्णांना उमगत नाही, हेही या आजाराचेच लक्षण. पाय मोडलेल्याला पाय दुखतो हे कळते. इथे ज्या मनाने कळायचे, तेच मन आजारी.

जगात सुमारे तीनशे माणसांमागे एकाला हा आजार असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सहा हजारांच्या धर्मग्रामात हा हिशेब वीस माणसांचा होतो. ती वीस माणसे मिस्साला दिसत नाहीत. मागच्या खोल्यांत असतात. बहुधा ऐन तारुण्यात, विशीच्या आगेमागे आजार डोके वर काढतो. स्त्रियांमध्ये थोडा उशिरा. आईवडील वा भावंडांपैकी एकाला असल्यास धोका साधारण दहात एक. पण एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला तर दुसऱ्याला होतोच असे नाही. म्हणजे रक्त हे एक कारण झाले, एकमेव नव्हे. मेंदूतील डोपामिन नावाच्या रसायनाचा तोल त्यात गुंतलेला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास काही तज्ज्ञांनी सारा दोष आयांच्या माथी मारला होता. ती निर्दय उपपत्ती केव्हाच गळून पडली, तरी आपल्या ओट्यांवर ती अजून जिवंत आहे.

औषधांनी काय घडवले हे समजायला जुने दिवस आठवावेत. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. ‘याला ठाण्याला पाठवा’ ही आपल्याकडची थट्टा त्यातून आली. पाठवलेला माणूस परत येत नाही, असा त्यामागचा समज. १९५२ साली पॅरिसच्या सेंट-अ‍ॅन रुग्णालयात डिले आणि डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझीन हे औषध वापरले आणि वर्षानुवर्षे कोंडलेली माणसे घरी जाण्याची शक्यता प्रथमच निर्माण झाली. आमच्या मुलाच्या गोळ्या डॉक्टरांनी बदलल्या, मात्रा कमी केली, थरथर गेली. औषध त्रास देत असेल तर ते डॉक्टरांना सांगायचे असते, स्वतः बंद करायचे नसते. एवढी साधी गोष्ट त्या आईला एप्रिलमध्ये कोणी सांगायला हवी होती. डॉक्टर एकदा मला म्हणाले, “फादर, तुमच्या लोकांत माझ्या चिठ्ठीपेक्षा तुमच्या शब्दाला वजन जास्त आहे. ते वजन जरा माझ्या पारड्यात टाका.”

घराविषयीही ते एक गोष्ट वारंवार सांगत. ज्या घरात सतत टोचून बोलले जाते, किंवा उलट रुग्णाला एक क्षण मोकळे सोडले जात नाही, तिथे आजार लवकर उलटतो. हे संशोधनातून पुढे आले आहे.

आपली ख्रिस्तसभा याबाबत काय म्हणते, हे मी नंतर नीट वाचले आणि शरमलो. कारण ते मला आधीच माहीत असायला हवे होते. भूतबाधा दूर करण्याचा विधी बिशपांच्या स्पष्ट परवानगीवाचून कोणत्याही धर्मगुरूला करता येत नाही. १९९२ चा श्रद्धाग्रंथ तर सांगतो की, मानसिक आजार ही अगदी वेगळी बाब असून तिचा उपचार हे वैद्यकशास्त्राचे काम आहे. प्रार्थना करू नये असा याचा अर्थ नाही. मी आजही रुग्णाभ्यंग देतो, आणि मग विचारतो, “गोळी घेतली का?”

ग्रानाडाच्या संत योहानांची कथा आता मला फार जवळची वाटते. अव्हिलाच्या योहानांचे प्रवचन ऐकून हा मनुष्य इतका विकल झाला, की लोकांनी त्याला वेडा ठरवून शहराच्या रुग्णालयात टाकले. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिथे उपचार म्हणजे फटके. बाहेर पडल्यावर त्याने गरीब रुग्णांसाठी स्वतःचे रुग्णालय काढले, आणि आज देवाचे संत योहान म्हणून तो रुग्णांचा आश्रयदाता आहे. बेल्जियममधील गील गावाचेही तसेच. संत डिम्फ्नाच्या चर्चमध्ये मनोरुग्ण यात्रेकरू मावेनात, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरांत ठेवून घेतले. ही प्रथा शतकानुशतके चालली. १९३० च्या दशकात साडेतीन हजारांहून अधिक रुग्ण त्या गावच्या कुटुंबांत राहत होते. आता संख्या पुष्कळ घटली, प्रथा टिकून आहे. आमच्याकडे ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली, तेव्हा साखळीने बांधलेल्या मनोरुग्णांना पळताही आले नाही. ते होरपळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळदंड घालण्यास मनाई केली आहे. घरातल्या कडीकुलपांचा हिशेब कोण ठेवणार?

इतर आजारांविषयी लिहायचे तर जागा पुरायची नाही. एकच सांगतो. एक बाई आठवड्यातून तीनदा पापनिवेदनाला येत. तेच पाप, तीच शंका, “नीट सांगितलं की नाही, फादर?” वर्षभर मी त्यांना क्षमापणा देत राहिलो आणि त्यांच्या भाविकतेचे मनात कौतुक करीत राहिलो. तो मंत्रचळ होता आणि प्रत्येक वेळी मी त्याला खतपाणी घालत होतो. मान्रेसा येथे १५२२ साली संत इग्नेशियस याच यातनेतून गेले, जीव देण्याच्या विचारापर्यंत पोहोचले होते. हे आम्हाला गुरुविद्यालयात शिकवले होते. पण संताचे दुखणे म्हणून. बायाबापड्यांचेही तेच दुखणे असू शकते, हे माझ्या ध्यानात आले नाही. त्या बाई आता उपचार घेतात आणि महिन्यातून एकदा येतात.

आणि आत्महत्या केलेल्याचे शव चर्चमध्ये आणायचे का, असे अजूनही कोणी दबक्या आवाजात विचारते. १९१७ च्या धर्मसंहितेतील बंदी १९८३ च्या संहितेत राहिलेली नाही. मी उत्तर देत नाही. दार उघडून उभा राहतो. मनात असे विचार येत असतील त्यांच्यासाठी सरकारची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर, चोवीस तास. हा क्रमांक मी चर्चच्या फलकावर लावून ठेवला आहे. दर महिन्याला कोणीतरी त्यावर लग्नाचे कार्ड टाचते आणि मी ते काढून बाजूला लावतो.

विवाह रद्दबातल ठरल्यावर, २००३ साली, ती मुलगी मला एकदा भेटली. रागावली नव्हती. म्हणाली, “मला सांगितलं असतं तर कदाचित मी हो पण म्हटलं असतं, फादर. पण मला कोणी विचारलंच नाही.” मी क्षमा मागितली. तिने ती दिली की नाही, हे मला नक्की कळले नाही. तेव्हापासून लग्नाची नोंद करायला येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला मी वेगवेगळे बसवून आजाराविषयी विचारतो. काही आईबाप त्यामुळे नाराज होतात. होऊ देत.

तीन वर्षांपूर्वी माझी पुन्हा त्याच धर्मग्रामात बदली झाली. मावशी आता नाहीत. शेवटच्या दिवसांत त्यांचा एकच ध्यास होता, “माझ्यामागे याचं कोण?” धाकट्या बहिणीने त्याला आपल्या घरी नेले. बहिणीचा नवरा सुतारकाम करतो, मोजके बोलतो, आणि रोज रात्री आठ वाजता न सांगता गोळी व पाण्याचा पेला त्याच्यासमोर ठेवतो. पन्नाशीला आलेला तो माणूस सकाळी वाडीत मोगरा खुडतो, केळींना पाणी लावतो. आवाज पूर्ण गेलेले नाहीत. “बोलतात,” तो मला म्हणाला, “पण त्यांना उत्तर द्यायचं नसतं.”

गेरसाच्या त्या माणसाची कथा मी आता वेगळ्या नजरेने वाचतो. बरा झाल्यावर त्याला येशूसोबत जायचे होते. येशूने त्याला घरी, आपल्या माणसांत पाठवले. कथेतले घर त्याला घ्यायला तयार होते का, हे मार्क सांगत नाही.

रविवारी तो सातच्या मिस्साला येतो, त्याच शेवटच्या बाकावर बसतो. प्रवचन करताना माझी नजर आपोआप तिकडे जाते. गेल्या आगमनकाळात मिस्सा संपल्यावर तो दाराशी थांबला. माझा हात हातात घेऊन, पूर्वीच्याच अदबीने म्हणाला, “फादर, आज माझ्याविषयी काही नव्हतं. चांगलं झालं प्रवचन. जरा लांबलं.”